खासदाराचं नाव न सांगता येणारी आई आणि तिचं मत

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आई बार्शी तालुक्यात गावी असते, दहावीपर्यंत शिकली आहे, खासदाराचं नाव विचारलं तर तिला सांगता येत नाही, आणि दर निवडणुकीत मामा सांगतील त्या चिन्हासमोरचं बटण ती दाबून येते. आता गावात पुन्हा निवडणूक आली आहे. तुम्ही पुण्याहून विचारताय की आईला नीट माहिती दिली तर तिचं मत बदलेल का, आणि बदलणार नसेल तर अशा मताला अर्थ काय. मला वाटतं या दोन प्रश्नांच्या मागे तिसरा एक आहे: जास्त माहिती असलेला माणूस जास्त चांगलं मत देतो का? आधी त्याच्याबद्दलच बोलतो, कारण त्याचं उत्तर मिळालं की आईचा प्रश्न बराच सोपा होतो.

मी १९९९ पासून मतदारांच्या सर्वेक्षणांत काम करतोय. कॉलेजात असताना प्रश्नावली घेऊन फिरलो, पुढे फिरणाऱ्या मुलामुलींना शिकवायला लागलो. मतदार यादीतून नावं काढायची, त्या नावाचं घर शोधायचं, तोच माणूस भेटेपर्यंत परत परत जायचं, आणि शेवटी नमुना मतपत्रिका त्याच्या हातात देऊन घडी घालून पेटीत टाकायला सांगायची, असं हे काम. आमच्या प्रश्नावलीत माहितीचे दोन-चार प्रश्न हमखास असायचे: तुमच्या खासदारांचं नाव काय, राज्यात सरकार कोणाचं आहे, लोकसभेत कोणाला बहुमत मिळालं. सुरुवातीची काही वर्षं मीही या उत्तरांवरून मनातल्या मनात माणसाला गुण द्यायचो. आता देत नाही. या प्रश्नांनी शाळा किती झाली आणि घरात पेपर येतो का हे कळतं. माणूस मत कशाच्या आधारावर ठरवतो हे त्यातून फारच थोडं कळतं.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण २०२४ च्या लोकसभेचं, दिंडोरी मतदारसंघातलं आहे. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात, म्हणजे नाशिकचा कांदा पिकवणारा मोठा पट्टा आणि लासलगावची बाजार समिती त्यातच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली. ३१ मार्चची मुदत होती, ती पुढे वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. मतदान २० मे ला होतं. चांदवड तालुक्यात एका शेतकऱ्याला मी खासदारांचं नाव विचारलं, त्यांनी आधीच्या खासदारांचं सांगितलं. आमच्या कागदावर ते उत्तर चूक. पण बंदी कधी आली, त्याच्या आदल्या आठवड्यात क्विंटलला काय भाव होता, बंदीनंतर तो कुठे आला, शुल्क कोण लावतं, राज्य सरकारच्या हातात त्यातलं काय आहे आणि काय नाही, हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं. पदवी घेतलेल्या कितीतरी शहरी मतदारांना निर्यातशुल्क केंद्र लावतं की राज्य हे सांगता येणार नाही. त्या निवडणुकीत दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या विद्यमान खासदार पडल्या. कांदा हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या पोटावर पाय आला होता, त्यांना तो कोणी दिला हे नेमकं माहीत होतं.

आणि त्याच मतदारसंघात, त्याच दिवशी दुसरी गोष्ट घडली. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. ते मिळून तीन महिनेही झाले नव्हते. रिंगणात एक अपक्ष होते, आडनाव पक्षाच्या उमेदवारासारखंच, आणि त्यांना जे वाद्याचं चिन्ह मिळालं होतं त्याचंही नाव यादीत ‘तुतारी’. प्रचारात कुठे नसलेल्या त्या अपक्षाला १ लाख ३ हजारांहून जास्त मतं पडली. पक्षाचा उमेदवार १ लाख १३ हजारांनी निवडून आला, म्हणून त्याची चर्चा थोडक्यात आटोपली. साताऱ्यात मात्र तसं झालं नाही. तिथे याच वाद्याच्या चिन्हावरच्या अपक्षाला ३७ हजारांच्या आसपास मतं गेली, आणि पक्षाचा उमेदवार ३२ हजार ७७१ मतांनी हरला. त्यातलं प्रत्येक मत चुकून पडलं असं कोणी सिद्ध करू शकत नाही. तरी अनोळखी अपक्षाला एवढी मतं दुसऱ्या कुठल्या कारणाने पडतात, हे इतक्या वर्षांत मी पाहिलेलं नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. निर्यातशुल्काचा हिशेब तोंडपाठ असलेल्या भागात चिन्हाच्या पायरीवर लाखभर मतं घसरली. म्हणजे राजकीय माहिती ही काही हंडा नव्हे, की एखाद्याचा भरलेला आणि एखाद्याचा रिकामा. एकाच माणसाला एका बाबतीत खोलवर कळतं आणि दुसऱ्या बाबतीत अजिबात कळत नाही. मताला वळण देते ती विशिष्ट एक माहिती: माझ्या आयुष्यात जे झालं ते कोणाच्या हातून झालं, आणि त्या हाताला शाबासकी किंवा शिक्षा द्यायची तर कोणतं बटण दाबायचं. या साखळीची एक कडी निसटली तरी बाकीचं ज्ञान मतापर्यंत पोचत नाही.

ही साखळी काही वेळा सरकारच्या कामाच्या पद्धतीमुळेच सोपी होते, काही वेळा गुंतते. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. महिन्याला दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात, मोबाइलवर मेसेज, आणि योजना राज्याची हे घराघरात माहीत. नोव्हेंबरच्या विधानसभेच्या वेळी ज्या बायकांशी मी बोललो, त्यांच्यापैकी ज्यांना एरवी मंत्र्यांची नावं येत नव्हती त्यांनाही हे पैसे कोणाच्या सरकारने दिले हे विचारावं लागलं नाही. याउलट घरोघर नळाने पाणी पोचवायच्या जलजीवन मिशनचा नळ घ्या. पैसा केंद्राचा आणि राज्याचा, काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागामार्फत, ठेकेदार तिसराच, आणि टाकी झाल्यावर योजना चालवायची ग्रामपंचायतीने. नळाला पाणी येत नाही तेव्हा दोष कोणाचा? मी हा प्रश्न विचारला की एकाच वाडीत चार उत्तरं मिळतात. अशा वेळी पाण्याचा राग कुठल्याच मतात नीट उतरत नाही. लोक अडाणी आहेत म्हणून असं होत नाही. पाइपलाइनपेक्षा जबाबदारी जास्त गुंतलेली आहे म्हणून होतं.

लोकांना हा फरक कळतो यावर तुमचा विश्वास नसेल तर नांदेडचा निकाल पाहा. २० नोव्हेंबर २०२४ ला तिथे विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही होती. तेच केंद्र, तीच बोटाची शाई, दोन मशीन. लोकसभा काँग्रेसने जिंकली, फक्त १ हजार ४५७ मतांनी. आणि त्याच लोकसभेत येणाऱ्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीने जिंकल्या. उमेदवार वेगळे होते, काही पक्ष एका निवडणुकीत होते आणि दुसऱ्या नव्हते, निधन झालेल्या खासदारांच्या मुलाविषयी सहानुभूती होती. त्यामुळे किती जणांनी विचारपूर्वक दोन वेगळी बटणं दाबली हे नुसत्या बेरजेवरून काढता येत नाही. पण बऱ्याच जणांनी दाबली, एवढं नक्की. दिल्लीसाठी एक, मुंबईसाठी दुसरा, हा हिशेब खासदाराचं पूर्ण नाव न येणारा माणूसही करतो.

आता मामांकडे येतो.

दुसऱ्याच्या सांगण्यावरून मत देणं म्हणजे मतच न देणं, असा तुमच्या लिहिण्यात सूर आहे. मी तसं मानत नाही. आपण सगळेच बहुतेक गोष्टी कोणाच्या तरी भरवशावर ठरवतो. कोणतं बियाणं पेरायचं, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, हे ओळखीच्या माणसाला विचारूनच ठरतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९८८ साली गाडीच्या विम्याबद्दलचे पाच वेगवेगळे प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर आले होते, आणि ते इतके किचकट होते की सामान्य मतदाराने वाचून समजणं अवघड. तिथे मतदान करून बाहेर पडलेल्या लोकांचा आर्थर लुपिया या अभ्यासकाने अभ्यास केला. ज्यांना प्रस्तावांतलं जवळपास काहीच माहीत नव्हतं, पण विमा कंपन्या कोणत्या प्रस्तावाच्या बाजूने आहेत एवढंच माहीत होतं, त्यांची मतं सगळं वाचून आलेल्या लोकांच्या मतांशी खूपच जुळत होती. कंपन्यांना हवंय म्हणजे आपल्या हिताचं नसणार, एवढी एक खूण त्यांना पुरली.

पण ही खूण चालायला दोन अटी लागतात. ज्याच्याकडे पाहून ठरवायचं त्याला विषय कळत असला पाहिजे, आणि त्याचं हित कुठल्या बाजूला आहे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. मामांना विषय कळत असणार; गावात कोण कामाचा आणि कोण नुसता बोलणारा हे पुण्यात बसलेल्या तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. दुसऱ्या अटीबद्दल मला तुमच्या पत्रातून पुरेसं कळत नाही. तुम्ही एका ओळीत लिहिलंय की मामा विकास सोसायटीचे संचालक आहेत. मग सोसायटीचं पॅनल, म्हणजे एकत्र लढणाऱ्या उमेदवारांचा गट, आणि ग्रामपंचायतीचं पॅनल एकाच माणसाच्या हातात आहे का? उसाच्या तोडीचा, कर्जाच्या नव्या-जुन्याचा प्रश्न असेल तिथे भाऊ आणि बहीण एकाच बोटीत असतील. पण आईचा प्रश्न अंगणवाडीच्या गळक्या छताचा किंवा नळाच्या वेळेचा असेल, तर तिथे भावाचं हित वेगळ्या दिशेला असू शकतं, आणि त्यात भाऊ वाईट आहे असं काही नाही. म्हणून ‘मामांचं ऐकू नकोस’ हे मी तुम्हाला सुचवणार नाही. ‘कोणत्या बाबतीत ऐकायचं’ हे आईने वेगळं करायला शिकणं जास्त मोलाचं आहे.

जास्त माहितीवाले चांगलं मत देतात का, याचं माझं उत्तर थोडं खट्टू करणारं आहे. चावडीवर तीन पेपर वाचणारे, रात्री दोन तास चॅनेल बघणारे लोक मी शेकड्याने भेटलोय. नावं, तारखा, कोण कोणाला कधी सोडून गेलं, सगळं पाठ. आणि मत? सगळ्यात न हलणारं. त्यांना नवी माहिती मिळाली की ती आधीच ठरलेल्या मताला टेकू म्हणून लागते. न पटणारी माहिती खोडून काढायलाही त्यांच्याकडे जास्त सामान असतं. सरकारच्या कामगिरीवर मत बदलणारे लोक मला जास्त करून मधल्या थरात सापडले, थोडंफार कानावर येणारे आणि कोणत्याच पक्षाशी लग्न न लावलेले. हा माझा अनुभव आहे, नियम म्हणून मी तो सांगत नाही. पण याच कारणाने मी तुम्हालाही एक विचारतो: आईला जी माहिती द्यायची म्हणताय, ती तिला ठरवायला मदत करणारी आहे, की तुमच्या मताकडे आणणारी?

माहिती दिल्याने मत बदलतं का यावर थेट प्रयोगही झालेत. दिल्लीत २००८ च्या विधानसभेच्या आधी झोपडपट्ट्यांमध्ये आमदारांची कामगिरी सांगणारी प्रगतिपुस्तकं वर्तमानपत्रातून घरोघर वाटली गेली. विकासनिधी कुठे खर्च केला, सभागृहात हजेरी किती, समोरच्या उमेदवारांचं शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे काय. जिथे ती पोचली तिथे मतदान थोडं वाढलं, चांगलं काम केलेल्या आमदारांना जास्त मतं मिळाली आणि रोख पैसे वाटण्याचं प्रमाणही कमी दिसलं. पुढे ब्राझील, मेक्सिको, युगांडा, बेनिन, बुर्किना फासो अशा देशांत एकाच धर्तीवर प्रयोग केले, तेव्हा एकत्रित सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. दोन्ही खरं आहे. माझ्या कामातून मला जे दिसतं ते असं, की अनोळखी माणसाने निवडणुकीच्या आठवड्यात हातात दिलेला कागद लोक प्रचाराचा समजून बाजूला ठेवतात. तीच गोष्ट सहा महिने आधी, ओळखीच्या तोंडून, आपल्याच अडचणीच्या संदर्भात कळली तर डोक्यात राहते. तुम्ही मुलगा आहात, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे. वेळ मात्र कमी आहे.

आणखी एक गोष्ट, जी शिकायला मला बरीच वर्षं लागली. बायकांच्या उत्तरात ‘माहीत नाही’ फार येतं. २००४ मध्ये मराठवाड्यातल्या एका गावात मी एका बाईंची पूर्ण प्रश्नावली ‘माहीत नाही’ने भरून आणली होती. दारात त्यांचे यजमान उभे होते, आणि प्रत्येक प्रश्नाला त्या ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं, यांना विचारा’ म्हणत होत्या. दुपारी बसची वाट बघत असताना त्याच बाई हातपंपावर भेटल्या. रेशनवर या महिन्यात किती गहू आले, किती वाटले, उरलेले कुठे गेले आणि पंचायत समितीत तक्रार कोणी दाबली, हे त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. चूक माझी होती. मी चुकीच्या जागी, चुकीच्या माणसासमोर आणि चुकीच्या विषयावर विचारलं होतं. तेव्हापासून मी मुलांना सांगतो की बाईंना शक्यतो एकटं गाठा, आणि नावं विचारण्याआधी अडचण विचारा. तुमच्या आईला ‘काहीच माहीत नाही’ हा निष्कर्ष तुम्ही कशावरून काढलात, हे एकदा तपासून पाहा. मुलाने फोनवर खासदाराचं नाव विचारलं की ती परीक्षा होते, आणि परीक्षेत आई गप्प बसते.

मग करायचं काय? पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा काही सांगण्याआधी विचारा: गेल्या पाच वर्षांत तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, आणि कोणती गोष्ट सुधारली? ती जे सांगेल, त्याचा धागा तिच्याबरोबर शोधा. गावाला जोडणारा साधा ग्रामीण रस्ता असेल तर तो जिल्हा परिषदेकडे, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय राज्याचं. डीपी, म्हणजे गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला आणि आठ दिवस बदलला नाही तर ते महावितरण, म्हणजे राज्य सरकारची कंपनी. गल्लीतला दिवा, गटार, नळाची वेळ हे ग्रामपंचायतीचं. हा नकाशा डोक्यात बसला की प्रचारात कोण आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचं वचन देतोय, हे आईला तुमच्या मदतीशिवाय कळेल. सरपंचपदाचा उमेदवार कांद्याच्या किंवा दुधाच्या भावावर बोलायला लागला तर ती स्वतःच विचारेल की हे तुझ्याकडे आहे का.

तुमची निवडणूक कोणती आहे यावरही बरंच अवलंबून आहे. ग्रामपंचायत असेल तर पक्षाची चिन्हं नसतात, पॅनल असतात, आणि दर वेळी चिन्ह नवं असतं. म्हणजे वर्षानुवर्षं हाताला सवय झालेली खूण तिथे उपयोगी पडत नाही, आणि मामांसारख्या माणसांचं वजन आपोआप वाढतं. सरपंच थेट निवडायचा असतो, सदस्य वेगळे. २०१७ मध्ये हे आलं, २०२० मध्ये रद्द झालं, २०२२ मध्ये परत आलं, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. आईला सांगा की सरपंचाचं मत एका पॅनलला आणि प्रभागातल्या सदस्याचं दुसऱ्याला दिलेलं चालतं. अनेकांना हे माहीत नसतं. सगळी मतं एकाच पॅनलला द्यावी लागतात असं ते समजून असतात, कारण प्रचारात तसंच सांगितलं जातं. जिल्हा परिषद, पंचायत समिती असेल तर पक्ष आणि चिन्हं येतात, आणि २०२२-२३ नंतर पक्ष फुटल्यामुळे ओळखीचं चिन्ह आता कोणाकडे आहे हे एकदा मतदानाआधी कागदावर दाखवलेलं बरं. दिंडोरी आणि साताऱ्यात जे झालं ते कुठल्याही गावात होऊ शकतं. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रंही पाहता येतात, गुन्हे आणि मालमत्ता त्यात लिहावीच लागते. पण खरं सांगायचं तर ग्रामपंचायतीच्या उमेदवाराबद्दल त्या कागदापेक्षा जास्त माहिती आईला आधीच असणार.

शेवटी एक माहिती राहते, आणि तुमच्या आईच्या बाबतीत ती बाकी सगळ्यांहून जास्त फरक पाडेल असं मला वाटतं. दारोदार फिरताना बायकांनी मला हळू आवाजात जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला तो असा: ‘मशीनमध्ये कोणी काय दाबलं ते कळतं का हो?’ छोट्या प्रभागात चारशे-पाचशे मतं असतात. निकालानंतर पुढारी वही काढून बसतात, कोणत्या भावकीतून किती फुटली याचे अंदाज बांधतात, आणि ‘आम्हाला सगळं कळतं’ असं मुद्दाम पसरवतात. प्रभागाची बेरीज त्यांना कळते. एका माणसाचं मत कळत नाही. मशीनमध्ये आकडे राहतात, नावं राहत नाहीत. आईला दोन हजार मोजून दिले असले, शपथ घातली असली, सख्ख्या भावाने सांगितलं असलं, तरी पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी असते. हे तिला पक्कं माहीत आहे का, ते आधी विचारा. माहीत असूनही तिने मामांचंच ऐकलं, तर ते तिचं मत आहे असं समजा आणि तिला पुन्हा त्यावरून छेडू नका.